मण्यार बिश्केकला नसते

किर्गिझस्तानहून एमबीबीएस करून आलेल्या पोरांनी आधी दिल्ली गाठायची, असं मला प्रत्येकानं सांगितलं. गौतमनगरला खोली घ्यायची, तिथल्या लायब्ररीत दिवसरात्र बसायचं आणि एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा, पास झाल्यावरच घरी यायचं. माझ्या बॅचमधले बरेच जण तसे गेलेही. मी सांगलीत राहिले. सुरुवातीला कारण पैशाचं होतं. आधीच पप्पांनी द्राक्षबागेवर कर्ज काढून मला शिकवलेलं, त्यात दिल्लीचं भाडं नको वाटलं. पण दोन-तीन महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की या परीक्षेचा अभ्यास करायला सांगली-तासगावच्या पट्ट्याइतकी चांगली जागा मला दुसरीकडे कुठे मिळाली नसती. ते कसं, ते सांगण्यासाठी हे लिहितेय. यंदा आलेल्या काही ज्युनिअर्सचे रोज मेसेज येतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीयाला इथे रुग्ण तपासायचे असतील, तर आधी ही चाळणी परीक्षा पास व्हावी लागते. १५ मार्च २००२ नंतर पदवी घेतलेल्यांना ती लागू आहे. घेते नॅशनल बोर्ड, वर्षातून दोनदा. एकूण ३०० प्रश्न, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ३०० पैकी १५० मिळाले की पास. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच गावात लोक विचारतात, "निम्मेच मार्क पायजेत न्हवं, मग एवढं काय?" पण बहुतेक वेळा शंभरातले वीस-पंचवीसच पास होतात, कधी कधी त्याहूनही कमी. एकोणीस विषय आहेत आणि सगळे एकाच दिवशी.

दुसरा प्रश्न जास्त लागायचा. आमच्या गल्लीतल्या काकी भेटल्या की हमखास म्हणायच्या, "डॉक्टर होऊन आलीयास, पेढं खाल्लंय आमी. आता परत कसली परीक्षा गं?" त्यांच्या मनात काही वाईट नसायचं. पण याच प्रश्नामागे दुसरा एक सूर असतो, तो नात्यातल्या लोकांकडून ऐकू येतो: पैसे देऊन डिग्री आणली, आता इथे निभत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जेवणावरून उठले होते. आज मला त्याचं शांतपणे उत्तर देता येतं. पदवी मी तिकडे घेतली, पण रुग्ण मी इकडचे बघणार आहे. इकडच्या रुग्णाला काय होतं हे मला माहीत आहे का, एवढंच ही परीक्षा विचारते. विचारलंच पाहिजे. माझ्या आईला उद्या कुणी तपासणार असेल, तर त्या डॉक्टरला हे कुणीतरी विचारलेलं असावं असं मलाही वाटतं.

बिश्केकला मी काही शिकले नाही असं अजिबात नाही. यकृतात हायडॅटिड सिस्ट घेऊन आलेले मेंढपाळ मी तिथे पाहिले. मेंढ्या आणि कुत्रे राखणाऱ्या त्या देशात तो रोज दिसणारा आजार. ब्रुसेलोसिसचे सांधे सुजलेले रुग्ण पाहिले. औषधांना दाद न देणारा क्षयरोग पाहिला. आमच्या एका प्राध्यापक बाई छातीवर नुसतं बोटानं ठोकून पाणी कुठवर भरलंय ते सांगायच्या आणि एक्स-रे तसाच निघायचा. वर्गात इंग्रजी असली तरी वॉर्डात रशियन आणि किर्गिझ. रुग्णाशी बोलायला मोडकीतोडकी रशियन मीही शिकले. पण किर्गिझस्तानला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच मलेरियामुक्त जाहीर केलंय. मलेरियाची स्लाइड आम्ही पाहिली ती कपाटातल्या जुन्या डब्यातली. डेंग्यूचा रुग्ण एकही नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फक्त पुस्तकातल्या फोटोत. फवारणीतून विषबाधा झालेला शेतकरी नाही. आणि मण्यार चावलेला माणूस तर नाहीच, कारण मण्यार बिश्केकला नसते.

आता प्रश्नांची वाटणी बघा. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. असे शंभर. उरलेल्या दोनशेत मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग यांच्या बरोबरीनं बसतं ते कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, ज्याला आम्ही सगळे पीएसएमच म्हणतो. त्याचे एकट्याचे ३० प्रश्न. मेडिसिनचे ३३ आणि पीएसएमचे ३०! तिकडून येणारे पहिल्यांदा हे आकडे बघून चक्रावतात. आशा ताई किती लोकसंख्येमागे एक, उपकेंद्र किती लोकांसाठी, लसीचं शीतकपाट किती अंशावर ठेवायचं, हे डॉक्टरनं कशाला पाठ करायचं, असं मलाही ॲपवरचे व्हिडिओ बघताना वाटायचं. मग मी मावशीकडे गेले.

माझी मावशी तासगाव तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. मी लसीकरणाचं वेळापत्रक पाठ करतेय म्हटल्यावर तिनं सरळ विचारलं, "साडेतीन महिन्यांचं लेकरू आलंय. काय काय द्यायचं, सांग." मी पोलिओचे थेंब आणि पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, एवढं म्हणून थांबले. ती पुढे बोलत राहिली: जुलाबावरच्या रोटाचा तिसरा डोस, एफआयपीव्ही म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनचा दुसरा, न्यूमोनियावरच्या पीसीव्हीचा दुसरा. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, एफआयपीव्ही उजव्या दंडावर कातडीत. "टोचत्यात सिस्टर, पण पोरं गोळा करून आणते मी. रातच्याला ताप आला की आया माझंच दार वाजवत्यात, मग मला म्हाईत नको?"

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी तिच्यासोबत अंगणवाडीत जाऊन बसले. सिस्टरांनी व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसी थंड ठेवायचा डबा, भरायला घेतला तेव्हा फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच आत घातले नाहीत. ओट्यावर मांडून ठेवले. थोड्या वेळानं एकेक उचलून कानाशी धरून हलवून बघायला लागल्या. आत पाणी हलल्याचा आवाज आला की तो पॅक कॅरिअरमध्ये, नाही आला की परत ओट्यावर. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकदम गोठलेला पॅक लावला तर पेंटा आतल्या आत गोठती. गोठली की ती गेली. परत पातळ झाली तरी उपयोग नाही." कंडिशन्ड आइसपॅक हे मी चार वेळा नोट्समध्ये वाचलं होतं आणि चारही वेळा विसरले होते. त्या दिवशीपासून नाही विसरले. कुपीवरचं व्हीव्हीएमही, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते सांगणारी खूण, त्यांनीच दाखवलं. वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन फिका आहे तोवर लस चालते, चौकोनाचा रंग वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकायची. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीची, कुपी फोडून पातळ केल्यावर त्यांनी लेबलवर पेनानं वेळ लिहिली, कारण चार तासांनंतर ती वापरायची नसते. बाळांच्या रडण्यात, आयांच्या गर्दीत त्या हे सगळं न चुकता करत होत्या. माझ्या वहीतल्या एका पानभर गोष्टी तिथे दोन तासांत माझ्या डोळ्यांसमोर झाल्या.

मावशीच्या पिशवीत गर्भनिरोधकांचाही अभ्यास होता. छाया नावाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा, तिच्यातलं सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेलं. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. कुठल्या बाईला काय सांगायचं आणि सासू घरात असताना ते कसं सांगायचं, यावर मावशी तासभर बोलू शकते. सासूसमोर कसं सांगायचं, हे परीक्षेत येत नाही. यायला हवा, असं माझं मत आहे.

सांगलीत मी विश्रामबागजवळच्या एका अभ्यासिकेत बसायचे. सगळीकडे एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची मुलं. मेडिकलची मी एकटीच. माझ्या टेबलावर हेडफोन, टॅब आणि शेजारी त्यांची जाडजूड चालू घडामोडींची मासिकं. पहिल्या आठवड्यात मला फार परकं वाटलं. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर आटपाडीची एक मुलगी बसायची, एलएलबी करून न्यायाधीश पदाच्या परीक्षेची तयारी करणारी. तिच्यामुळे माझं फॉरेन्सिक निघालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आमच्या जुन्या नोट्समधली सगळी कलमं बदलली. खुनाचं ३०२ आता १०३. हुंडाबळीचं ३०४ ब आता ८०. निष्काळजीपणानं मृत्यूचं ३०४ अ आता १०६, आणि त्यात नोंदणीकृत डॉक्टरसाठी शिक्षेची मर्यादा वेगळी, दोन वर्षांपर्यंत. मृत्यूच्या चौकशीचा पोलिसांचा पंचनामा १७४ खाली व्हायचा, तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. मला हे पाठ होत नव्हतं. तिला ते झोपेतही येत होतं.

संध्याकाळी आम्ही खाली चहाला जायचो. चहा आणि भडंग. ती मला कलमं विचारायची, मी तिला जखमा सांगायचे: खरचटणं कसं ओळखायचं, धारदार शस्त्राची जखम आणि बोथट वस्तूनं फाटलेली जखम यांत कडा कशा वेगळ्या दिसतात, गळफासाची खूण तिरकी का असते आणि गळा आवळल्याची आडवी का. गंभीर दुखापतीची व्याख्या आम्ही दोघींनी एकत्र पाठ केली. जुन्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना होती, नव्यात पंधरा. हे तिनं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी दवाखान्यात एका कागदावर जे लिहीन, ते उद्या हिच्यासारखी कुणीतरी न्यायालयात वाचणार आहे. त्यावर एखाद्याला किती शिक्षा होईल ते ठरणार आहे. फॉरेन्सिकचे दहाच प्रश्न असतात म्हणून तो विषय सोडणारे पुष्कळ आहेत. सोडू नका.

आता सापाचं सांगते, कारण माझ्या तयारीतला सगळ्यात मोठा धडा तोच.

भारतातले चार मुख्य विषारी साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडचं सर्पविष-प्रतिबंधक औषध, म्हणजे एएसव्ही, या चौघांच्या विषाविरुद्ध बनवलेलं असतं. त्यासाठी मुंबईच्या हाफकिनचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. नाग आणि मण्यार नसांवर हल्ला करतात: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे रक्त बिघडवतात, रक्त गोठायचं थांबतं. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज येत नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि डोळे उघडता येत नाहीत. हे सगळं मी तोंडपाठ म्हणू शकत होते.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या बागेतल्या काकांना पायाला घोणस चावली. पाइपाखाली होती. त्यांच्या मुलानं पायाला सुतळी आवळली होती आणि दोघं-तिघं म्हणत होते आधी देवाला नेऊ. पप्पांनी जीप काढली. मी मागे बसले, त्यांचा पाय हलू नये म्हणून दोन फळ्या आणि टॉवेल बांधला आणि त्यांच्याशी बोलत राहिले. सुतळी मी सोडली नाही, कारण आवळलेली दोरी दवाखान्यात औषध तयार असताना सोडायची असते, एकदम सोडली तर विष अचानक पसरू शकतं. ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी दोन मिली रक्त काढलं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी केली आणि सगळ्यांना सांगितलं, "हिला कुणी हात लावायचा नाही." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

वीस मिनिटं. पुस्तकात त्या परीक्षेचं नावच तसं आहे, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची नको, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणानं धुतलेली नको. हलवायची नाही. मला हे सगळं माहीत होतं, तरी ती वीस मिनिटं मी त्या नळीकडे बघत तशीच उभी होते. काकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. वेळ झाल्यावर मॅडमनी नळी आडवी केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं काचेवरून वाहिलं. त्यांनी लगेच एएसव्हीच्या दहा वायल काढायला सांगितल्या. सिस्टर प्रत्येकीत पाणी घालून ती हातात गोल फिरवत होत्या, जोरात हलवत नव्हत्या, कारण फेस झाला की औषध वाया जातं. ॲड्रेनलिनची सिरिंज भरून शेजारच्या ट्रेमध्ये तयार ठेवलेली. त्वचेवर चाचणी डोस नाही दिला. देत नाहीत, त्यातून रिअॅक्शनचा अंदाज येत नाही आणि वेळ जातो. सलाइनमधून औषध सुरू झालं आणि मग त्यांनी सुतळी सोडली.

त्या मॅडम मला म्हणाल्या, "तू एफएमजीई देणार आहेस ना? मग सांग, पुन्हा चाचणी कधी करायची?" मी म्हटलं सहा तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक परत तयार करायला तेवढा वेळ लागतो. "बरोबर. मुलांना डोस किती?" मोठ्यांइतकाच. साप मूल बघून कमी विष सोडत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाकडे गेल्या. काकांना रात्री सांगलीला सिव्हिलला हलवलं, काही दिवसांनी ते घरी आले. आता पुन्हा बागेत जातात, गुडघ्यापर्यंत बूट घालून.

त्यानंतर माझा अभ्यास बदलला. मी प्रत्येक प्रश्नाला विचारायला लागले की हा माझ्या तालुक्यात कुठे आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्याकडे फवारण्या सुरू होतात. द्राक्षांवरच्या दावण्या, भुरी या रोगांसाठी बुरशीनाशकं आणि किडींसाठी कीटकनाशकं. त्यातली काही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली. त्यांची विषबाधा झाल्याच्या खुणा म्हणजे डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, तोंडाला लाळ, घाम, नाडी मंदावणं, छातीत घरघर. उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यायचं ते छाती स्वच्छ होईपर्यंत, बाहुली मोठी होईपर्यंत नाही. हा फरक परीक्षेत विचारण्याजोगा आहे आणि माणूस वाचतो तोही यानंच. पण त्याच्याही आधी अंगावरचे कपडे काढून साबण लावून अंग धुवायचं असतं. मी हे पप्पांना सांगितलं, आणि बागेत फवारणीला येणाऱ्या माणसांनाही. एकजण म्हणाला, "ताई, आमी घरी जाऊन मगच अंगुळ करतो." मग बागेतच पाण्याची टाकी आणि साबण ठेवला. मास्क घालायला मात्र अजून पुरते तयार होत नाहीत.

मिरजेचा तर वेगळाच आधार. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि त्यानंतर मिरज दवाखान्यांचंच गाव झालं. कुष्ठरुग्णांसाठी तिथे रिचर्डसन हॉस्पिटल आहे. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने उपचार, त्याहून जास्त असतील तर बारा महिने, हे मी मिरजेच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत पाठ केलं. तिथल्या बाकावर हाताची बोटं झिजलेले एक आजोबा बसले होते, म्हणून ते वेगळं लक्षात राहिलं.

बाकी अभ्यास सगळे करतात तसाच. ॲपची क्वेश्चन बँक, जुने प्रश्न, शेवटच्या महिन्यात ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण सराव परीक्षा. ग्रँड टेस्टला गुण कमी आले की रात्री झोप लागायची नाही. माझा एकच सल्ला आहे, टेस्ट दिल्यावर चुकलेल्या प्रश्नांपेक्षा अंदाजानं बरोबर आलेले प्रश्न आधी बघा. ते तुम्हाला येत नसतात आणि येतात असं वाटत राहतं. अॅनाटॉमी-बायोकेमिस्ट्री कंटाळवाणी म्हणून मागे टाकू नका. पहिल्या शंभरातले बरेच गुण तिथेच हातचे जातात.

२०२५ च्या १२ जानेवारीला, रविवारी परीक्षा होती. केंद्र पुण्याला. आदल्या दिवशी एसटीनं निघाले. हंगाम जोरात होता, पेठ नाक्यापर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्यांमागून गाडी रांगत गेली. कोथरूडला आत्याकडे मुक्काम. आत्यानं रात्री पुस्तक हातातून काढून घेतलं आणि दिवा बंद केला. सकाळी थंडी बरीच होती. केंद्रावर बाहेर आईवडिलांची गर्दी, कोणी लातूरहून, कोणी नांदेडहून. कानातलं, बांगड्या, घड्याळ काढून आत्याकडे दिलं. प्रवेशपत्र, ओळखपत्र, बोटांचे ठसे, फोटो, आणि मग नंबर लावलेला संगणक.

आत काय विचारलं ते इथे लिहिणार नाही. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे मान्य करूनच आपण तिथे बसतो, आणि डॉक्टर म्हणून पाळायची गुप्तता तिथूनच सुरू होते असं मी मानते. माझ्यापुरतं सांगते. पहिले पंधरा-वीस प्रश्न हाताला घाम होता. एका मिनिटाला एक प्रश्न, त्यामुळे थांबायला जागा नाही. जे लगेच आलं ते भरलं, जे नाही ते रिव्ह्यूला टाकलं, पण एकही रिकामा ठेवला नाही. निगेटिव्ह नसताना रिकामं ठेवणं म्हणजे गुण सोडून देणं. चित्रांचे प्रश्न वाचताना मी आधी चित्र बघायचे, मग प्रश्न. मधल्या सुट्टीत आत्याचे धपाटे आणि दही खाल्लं. शेजारी एक मुलगा रडत होता. त्याची ही कितवी वेळ होती मी विचारलं नाही, अर्धा धपाटा त्याला दिला. दुसऱ्या भागाला मी बरीच मोकळी झाले होते. प्रश्न वाचला की कुणाचा तरी चेहरा आठवायचा, कधी मावशी, कधी सिस्टर, कधी त्या मॅडम, आणि उत्तर सुचायचं.

निकाल आठवड्याभरात आला. पीडीएफमध्ये रोल नंबर शोधला, पुढे पास लिहिलेलं. पप्पा बागेत काढणीत होते, फोन उचलत नव्हते, म्हणून स्कूटर काढून गेले. माझ्याच बॅचचे काहीजण त्या यादीत नव्हते. त्यातले दोघं माझ्याहून चांगले विद्यार्थी आहेत, हे मी कुणापुढेही सांगेन. त्यांना फोन करायला मला दोन दिवस लागले, कारण काय बोलावं सुचत नव्हतं. आता आम्ही आठवड्यातून एकदा ऑनलाइन बसतो. पीएसएम आणि फॉरेन्सिक मी घेते.

जे आता बसणार आहेत त्यांनी कागदपत्रं आजच काढून ठेवा. पदवीवर भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागतं, ते तिकडे असतानाच करून घ्या, इथे येऊन मागवायला फार त्रास होतो. नीटचा निकाल, पासपोर्टवरचे शिक्के, सगळ्याची एक फाइल करा. पास झाल्यावर प्रमाणपत्र घ्यायला स्वतः दिल्लीला जावं लागतं. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आणि एक वर्षाची इंटर्नशिप. २०२१ च्या नियमांनंतर प्रवेश घेतलेल्यांना तिकडची इंटर्नशिपही पूर्ण करून यावी लागते, ती इथल्या इंटर्नशिपशिवाय वेगळी. आपल्याला कुठले नियम लागू आहेत ते प्रवेशाच्या तारखेवरून बघा, सीनिअरच्या सांगण्यावरून नको.

माझी सध्या इंटर्नशिप चालू आहे. ग्रामीण पोस्टिंगसाठी मी जत तालुका मागितलाय. पीएसएमच्या माझ्या वह्या आटपाडीच्या मैत्रिणीकडे अभ्यासिकेत ठेवल्यात, ज्याला हव्यात त्यानं झेरॉक्स काढून परत ठेवाव्यात. लसीकरणाचं पान तेवढं नव्या वेळापत्रकाशी ताडून घ्या. एफआयपीव्हीचा नऊ महिन्यांचा तिसरा डोस मी समासात पेन्सिलीनं लिहिलाय, तो पटकन दिसत नाही.